समोरच्या ओट्यावरची कॉफी

दोन हजार एकवीस साल होतं आणि मला एकोणसत्तरावं लागलं होतं, तेव्हा संपत पुण्याहून आमच्या हिंगोलीकडच्या गोरेगावला परत आला. माझ्याच वयाचा, माझ्याच वर्गातला. फरक एवढाच की मी चौथीत पाटी ठेवली आणि बापाच्या हॉटेलात भट्टीपुढं बसलो, आणि तो शिकत गेला. पुढं बॉयलरची परीक्षा पास झाला आणि पुण्यात औषधाच्या कारखान्यात चौतीस वर्षं बॉयलर सांभाळला. आता तो नाही. लोक म्हणतात, नामदेवमामा, तुमच्या समोर राहिलेला माणूस, तुमीच लिहा. लिहितो. पण आधीच सांगून ठेवतो, मी त्याच्यावर जळत होतो. जळणाऱ्या माणसानं लिहिलेलं जास्त बराबर असतं. त्यानं समोरच्याला रोज नीट बघितलेलं असतं.

माझं हॉटेल स्टँडवर आहे. हॉटेल म्हणजे पत्र्याचं शेड, चार बाकडी आणि एक भट्टी. सेनगावच्या आणि हिंगोलीच्या जीपा इथंच भरतात, आणि जीप भरेपर्यंत माणूस माझ्याकडं बसतो. कोणाचं सोयाबीन काय भावानं गेलं, कोणाच्या पोरीचं कुठं जमलं, हे आधी माझ्या बाकड्यावर कळतं आणि मग गावात. ही बढाई नाही, आहे ते सांगितलं. संपतनं नेमकी माझ्यासमोरची, रस्त्यापलीकडची जागा घेतली आणि दोन खोल्यांचं स्लॅबचं घर बांधलं. पुढं ओटा, ओट्यावर फरशी. त्या जागेवर माझा डोळा होता. जळायला सुरुवात तिथून.

माणूस कसा होता म्हणाल तर उंच, वाळका, दाढी रोज केलेली. कारखान्याचे निळे शर्ट त्यानं जपून ठेवले होते, तेच इस्त्री करून घालायचा. बायको पुण्यातच वारली होती. एक मुलगी, सुजाता, तिकडं बँकेत. बोलायचा कमी. बोलण्याआधी मान जराशी वाकडी करून थांबायचा, जसं काही भिंतीपलीकडून कोणी काही सांगून राहिलं. चौतीस वर्षं बॉयलरचा आवाज ऐकून त्याला ती खोडच लागली होती. आणि कोणतीही गोष्ट एकदाच विचारायचा. मी एकदा म्हणलं, माणसाला दोनदा विचारावं, आग्रह करावा. तर म्हणाला, बॉयलरवर दुसऱ्यांदा विचारायला टाइम नसतो.

कॉफीचा नाद त्याला कारखान्यातच लागला. साहेबाच्या केबिनमधलं कॉफीचं मशीन बिघडलं की संपतला बोलवायचे, आणि दुरुस्त झालं का हे बघायला पहिला कप त्यालाच प्यावा लागायचा. असे कप पिऊन पिऊन माणूस बिघडला. गावात आल्यावर म्हणाला, आता घरी आपलं मशीन घ्यायचं.

ते मशीन निवडणं माझ्या हॉटेलात झालं, कारण त्याच्या घरात मोबाइलची रेंज नव्हती. महिनाभर रोज दुपारी येऊन बसायचा. वहीत तीन मशिनींची नावं, त्याखाली बारीक अक्षरात काय काय. फोनवर सुजाताशी वाद. तिला वाटायचं, बटणाचं घ्यावं, डबी टाकली, बटण दाबलं, झालं. बापाला तकलीफ नको. हा म्हणाला, “बाई, बटण दाबून कॉफी आली तर ती मशिननं केली. मग म्या काय केलं?”

आमचा पंजाबराव म्हणून एक आहे, दहा एकराचा धनी आणि माझ्या पहिल्या बाकड्याचा मालक असल्यासारखा बसतो. त्यानं मोबाइलमध्ये डोकावून वाचलं आणि म्हणाला, संपतराव, ह्या खोक्यावर पंधरा बार लिवलंय अन् तुमी नऊचं काहून घेऊन राहिले? संपतनं त्याला समजावलं की पंधरा ही पंपाची ताकद झाली, कॉफीच्या पुडीतून पाणी रेटायला नऊ पुरतात. वर विचारलं, “बैल ओढतो म्हणून तुमी गाडीत दुप्पट भरता का?”

पंजाबराव म्हणाला, “भरतो.”

बाकडं हसलं. संपतबी हसला, पण घेतलं ते नऊचंच. दाब दाखवणारा काटा पाहिजे, पूड भरायच्या वाटीचा दांडा लोखंडी अन् वजनदार पाहिजे, आणि प्लास्टिक जेवढं कमी तेवढं बरं, असं त्याचं होतं. मशिनीतला बॉयलर एकच चालेल म्हणाला. आधी कॉफी काढायची, मग वाफ होईपर्यंत थांबायचं, मग दूध. सुजाता म्हणाली थांबावं लागंल. हा म्हणाला, मला कुठं जायचंय. आणि सगळ्यात नवल म्हणजे मशीन मधल्या किमतीचं घेतलं आणि तेवढाच खर्च बिया दळायच्या चक्कीवर केला, तीबी हातानं फिरवायची. पंजाबरावानं कपाळाला हात लावला. संपत म्हणाला, पीठच भरड पडलं तर तव्याला काय दोष देता.

मागवायच्या आधी आठ दिवस घरातली वीज मोजत बसला. शेतातले पंप चालू झाले की आमच्याकडं व्होल्टेज बसतं. सकाळ, दुपार, संध्याकाळ मीटर लावायचा आणि वहीत लिहायचा. एक दिवस माझ्या हॉटेलातल्या प्लगलाबी लावला. म्हणाला, नामा, तुझ्याकडं दहा व्होल्ट जास्ती हाय. मला त्या दिवशी जेवण गोड लागलं.

मशीन आलं त्या दिवशी तो रस्ता ओलांडून आला. निळा शर्ट, बाह्या दुमडलेल्या. “नामा, मशीन आलं. ये कॉफी प्यायला.”

मी म्हणलं, धंद्याचा टाइम आहे, उद्या येतो. त्यानं मान हलवली आणि गेला. उद्या मी गेलो नाही. परवाबी नाही. त्यानं परत विचारलं नाही.

गाव मात्र गेलं. आता आमच्या भागात एस्प्रेसो कॉफी म्हणजे काय, तर लग्नात मिळते ती. मोठं पितळी मशीन, शिट्टीसारखा आवाज, दुधाचा हा फेस आणि वर चॉकलेटची पूड भुरभुरलेली. लोक तसंच समजून गेले. पंधरा-वीस जण ओट्यावर मांडी घालून बसले. संपतनं आत जाऊन एकेकाला देव्हाऱ्यातल्या वाटीएवढा कप आणून दिला, तळाशी दोन घोट, काळे. पंजाबरावानं कप वाकडा करून बघितला आणि विचारलं, “हे काय, तीर्थ हाय का?”

संपत म्हणाला, तीर्थ न्हाई, प्या.

पिले, आणि तिथून सरळ माझ्याकडं आले, तोंडं अशी की कडुलिंबाचा रस पिऊन आले. सगळ्यांनी माझा चहा घेऊन तोंड धुतलं. पंजाबरावाच्या चहात मी न मागता साखर वाढवली. एवढा खुश मी नातवाच्या बारशालाबी नव्हतो.

पण संपतनं ते मनाला लावून घेतलं नाही. लोकांची जीभ दुधाची आहे हे त्यानं ओळखलं आणि दुधाच्या मागं लागला. दूध आमच्याच गाईचं घ्यायचा. माझी बायको कौसल्या रोज सकाळी अर्धा लिटर पोचवायची. त्यानं तिला वाफेच्या नळीनं दूध कसं फुलवायचं ते दाखवलं. नळीचं तोंड आधी दुधाच्या वर वर धरायचं, कागद फाटल्यासारखा बारीक आवाज आला पाहिजे. मग नळी जरा खाली, दूध भोवऱ्यासारखं फिरलं पाहिजे, आणि आवाज बंद. दूध ओरडलं की बिघडलं, म्हणायचा. भांड्याच्या बुडाला तळहात लावायचा. हात ठेववेना झाला की थांबायचं. नळी लगेच ओल्या फडक्यानं पुसायची. ते फडकं वेगळं, ओटा पुसायचं वेगळं. त्या नळीच्या फडक्याला दुसऱ्या कोणी हात लावलेला त्याला खपायचं नाही.

अशी दुधाची कॉफी मिळायला लागली आणि महिन्यात त्याचा ओटा भरायला लागला. फुकट पाजत होता म्हणून नाही. आमच्या गावात फुकटचं पिऊन लोक दोनदा येतील, तिसऱ्यांदा नाही. हे रोज येत होते. हिंगोलीहून येणारे बिडिओ ऑफिसातले लोक जीपमधून उतरले की आधी डावीकडं, माझ्याकडं वळायचे. आता उजवीकडं वळायला लागले.

आणि कौसल्या. दूध द्यायला सातला जायची ती साडेआठला यायची. आली की सांगायची, आज अठ्ठावीस सेकंद लागले, पूड जरा बारीक पडली होती. संपतभाऊ सोनाराच्या तराजूवर अठरा ग्रॅम तोलून घेतात. नवीन बिया आल्या की आधी चार दिवस तशाच ठेवतात. मी ऐकून घ्यायचो. या बाईनं पंचेचाळीस वर्षं माझा चहा पिला आणि एकाही दिवशी बरा म्हणली नाही. शेवटी मी म्हणलं, माझ्या चहाला किती सेकंद लागतात ते मोजलं का कधी?

ती म्हणली, “तुमचा चहा सकाळपसून उकळूनच राहिलाय. त्याचं काय मोजायचं?”

तेव्हा मी हिंगोलीला गेलो आणि एका मंडपवाल्याकडून लग्नातलं जुनं कॉफीचं मशीन विकत आणलं. पितळी, माझ्या कमरेएवढं, खाली गॅस. पेंटरकडून पाटी करून घेतली, स्पेशल एस्प्रेसो कॉफी, लाल अक्षरात. समोरच्या ओट्यावरून बराबर दिसंल अशी लावली.

खोटं कशाला सांगू, चालली. बाजारच्या दिवशी तर झुंबड. लोकांना फेस पाहिजे होता, तो मी देत होतो, वर चॉकलेट भुरभुरत होतो. तिसऱ्या दिवशी संपत स्वतः आला. बाकड्यावर बसला, कप मागवला, शेवटपर्यंत पिला, पैसे ठेवले. “गोड हाय, चांगली हाय,” म्हणाला. मग मशीनकडं बघत मान वाकडी करून थोडा वेळ थांबला आणि म्हणाला, ह्यात बोअरचं पाणी टाकू नको नामा, फिल्टरचं आण. आपल्या बोअरला क्षार हाय. तो स्वतः फिल्टरच्या पाण्यात थोडं विहिरीचं मिसळून वापरायचा, आणि महिन्याला लिंबूसत टाकून मशीन धुवायचा. मला वाटलं, हा आता माझ्या पाण्यालाबी नावं ठेवायला लागला. माझ्या किटलीत आतून क्षाराची बोटभर साय होती, तीस वर्षांची. तिनं कधी काही बिघडवलं नव्हतं. मी बोअरचंच टाकत राहिलो.

तीन-चार आठवड्यांनी बाजारच्या दिवशी हॉटेलात वीस-बावीस माणूस होतं. मी वाफेच्या तोटीखाली दूध धरून उभा. एकदम बघतो तर संपत रस्ता ओलांडून पळत येतोय, अनवाणी. त्या माणसाला मी लहानपणानंतर पळताना बघितलं नव्हतं. आला तो सरळ सिलिंडरकडं गेला आणि गॅस बंद केला. मग हलक्या आवाजात, एकदाच, म्हणाला, “सगळे बाहेर व्हा. भिंतीच्या पलीकडं.”

ओरडला असता तर लोक हसले असते. त्या आवाजानं सगळे उठले. मलाबी त्यानं दंडाला धरून बाहेर काढलं. स्वतः दाराशी उभा राहिला, कान देऊन. बराच वेळानं आत गेला आणि वाफेची तोटी कणाकणानं सोडली. पाऊण तासानं मशीन निवल्यावर पाना लावून जादा वाफ सोडणारा वरचा सेफ्टी वॉल काढला आणि माझ्या हातात ठेवला. आतून पांढराफेक, चुन्यानं लिंपल्यासारखा बंद.

“काटा खोटं सांगून राहिला, नामा. अन् शिट्टी मुकी झाली. म्या तिकडून आवाज ऐकला.”

लोक म्हणायला लागले, संपतराव नसते तर आज पत्रे उडाले असते. बायाबी आल्या बघायला. माझ्या दारात, माझ्या मशिनीपुढं सगळे त्याच्याकडं बघत होते. आणि मी काय बोललो? मी म्हणलं, “तुला माझा धंदा बघवंना.”

त्यानं पाना खाली ठेवला. रांजणातलं पाणी घेऊन हात धुतले. पायात काच गेली होती, ती बाकड्यावर बसून काढली, आणि लंगडत घरी गेला.

मशीन मी भंगारात दिलं. पाटीबी काढली. पण आभार मानायला गेलो नाही. आज जाऊ, उद्या जाऊ करता करता जाणं आणखी अवघड झालं.

त्यानंतर एक दिवस पंजाबराव बाकड्यावर बसल्या बसल्या म्हणाला, मामा, एक विचारू का, राग मानू नका. मी म्हणलं विचार.

“सगळं गाव संपतरावाकडं पितंय. मी पितो, तुमची बायको पिती. तुमी एकटेच त्याच्या घरातलं पाणीबी पिले न्हाई. तुमच्या बापाचं तुमच्यात राहिलं का काय अजून?”

मी पंजाबरावाला म्हणलं, ऊठ. तो उठला, आणि पुढं चार दिवस आला नाही.

बापाचं म्हणजे काय ते सांगितलं पाहिजे, नाहीतर हे लिहिण्यात अर्थ नाही. संपत बौद्ध, आम्ही मराठे. माझ्या बापाच्या हॉटेलात त्यांच्या वस्तीतल्या माणसांचे कप वेगळे होते. बाहेरच्या खांबाला फळी ठोकली होती, तिच्यावर कान तुटलेले तीन कप. त्यांनी यायचं, कप आपल्या हातानं घ्यायचा, पुढं धरायचा. आतून वरूनच चहा ओतायचा. पिऊन त्यांनीच धुवायचा आणि फळीवर ठेवायचा. मी शाळा सोडून भट्टीवर बसलो त्याच सालातली गोष्ट. बाजारचा दिवस होता. संपत त्याच्या बापासंगं आला. आदल्या वर्षापर्यंत आमी दोघं एका पट्टीवर बसलेलो. त्यानं कप धरला. मी किटली वर धरली आणि ओतली. चहा त्याच्या मनगटावर उडाला. त्यानं हात हलवला नाही. मी दहा-अकरा वर्षांचा होतो, बाप मागं उभा होता, हे सगळं खरं. पण किटली माझ्या हातात होती हेबी खरं.

बाप वारल्यावर चवथ्या महिन्यात मी ती फळी उपटली आणि कप फोडून उकिरड्यावर टाकले. कोणी सांगितलं नव्हतं, माझ्या मनानं केलं, आणि त्याचा मला चाळीस वर्षं अभिमान होता. पण संपत तेव्हा पुण्यात होता. त्यानं फळी बघितली होती, फळी उपटलेली बघितली नव्हती. मी त्याला कधी सांगितलं नाही आणि त्यानं विचारलं नाही.

पंजाबराव गेल्यावर मी बरेच दिवस हेच घोळवत होतो. मी जात नव्हतो ते जळत होतो म्हणून. हे मला पक्कं माहीत होतं. पण ओट्यावर बसलेल्या संपतला कसं कळणार? त्याला काय दिसत होतं, तर बापानं हात आखडला होता आणि पोरगं पाय आखडून राहिलं. आणि मी खोलात जाऊन स्वतःला विचारलं, की नुसतं जळणंच आहे का, का त्याच्यात दुसरं काही तिळाएवढं आहे? छातीला हात लावून नाही म्हणावं असं मला झालं नाही. त्यानं मी आणखी चिडलो. उठून गेलं पाहिजे होतं. पण आता गेलो असतो तर पंजाबरावानं टोचलं म्हणून गेलो, असं झालं असतं. त्याच हट्टात सव्वा वर्ष गेलं.

दोन हजार चोवीसच्या थंडीत समोरचा वास बंद झाला. सकाळी सातला तो वास रस्ता ओलांडून माझ्या भट्टीपर्यंत यायचा, आणि तो आला की मी मुद्दाम चहात आलं जास्त ठेचायचो. आठ दिवस आला नाही. कौसल्या म्हणली, संपतभाऊचे हात हलून राहिले, कंपवात म्हणतात डॉक्टर. दांडा मशिनीत बसंना त्यांच्यानं. मी करून देते म्हणलं तर माझं मनगट दुखतंय हे त्यांना माहीत, नको म्हणाले, कॉफी न्हाई पिली म्हणून माणूस मरत न्हाई. बुधवारी सुजाता न्यायला येऊन राहिली. आता तिकडंच राहणार.

मंगळवारी दुपारी चारच्या सुमाराला, बाकड्यावर पंजाबरावासकट सात-आठ माणसं बसलेली असताना, मी भट्टीवरून उतरलो आणि रस्ता ओलांडला. वीस पावलांचा रस्ता आहे. अडीच-तीन वर्षं लागली.

संपत आत खुर्चीवर बसला होता, दोन्ही हात मांडीखाली दाबून. मला बघून ये म्हणाला नाही, त्याचं ते एकदा म्हणून झालं होतं. पायानं स्टूल पुढं सरकवलं. मी म्हणलं, कॉफी पाज.

त्यानं हात मांडीखालून काढले आणि पुढं धरले. पाण्यातल्या सावलीसारखे हलत होते. “करणारा कुठं हाय?” म्हणाला.

मी नळावर हात धुतले. “सांग.”

तो खुर्चीवरून सांगत गेला. अठरा ग्रॅम तोल. चक्की एका लयीत फिरव, घाई कोणाला हाय. पूड दांड्याच्या वाटीत टाक, बोटानं सारखी कर. आता वरून दाब. मी दाबलं, जसा चहाचा चोथा दाबतो तसं. म्हणाला, तिरपं झालं, पाणी एका अंगानं पळंल. तरी लावलं. बटण दाबलं, काटा चढला, कॉफी आली. पंचविसाव्या सेकंदाला तो म्हणाला बंद कर. मी केलं नाही. जन्मभर उकळणाऱ्या माणसाला वाटतं, अजून जरा येऊ द्यावं. पिवळं पाणी यायला लागलं तेव्हा बंद केलं.

“ओत मोरीत,” संपत म्हणाला. “परत.”

दुसऱ्या वेळेला मी सरळ दाबलं, खांद्यापासून. काटा नवावर जाऊन उभा राहिला. दांड्याखालून आधी काहीच आलं नाही, मग काकवीसारखी जाड धार लोंबली, उंदराच्या शेपटीएवढी. संपत मान वाकडी करून डोळे मिटून ऐकत होता. नुसतं बोट उचललं. मी त्या क्षणी बंद केलं. दोन कपांत सारखी केली. त्याचा कप मीच त्याच्या तोंडाशी धरला. मग माझा पिलो.

“कशी हाय?”

“कडू.”

तो हसला, खांदे हलेपर्यंत. म्हणाला, खरं बोलला, बाकीचे अजून मस्त मस्त म्हणून राहिले.

मग मी ते बोललो. मांडणी करून आलो नव्हतो, जसं आलं तसं बोललो. म्हणलं, “संपत, गाव म्हणतं मी तुझ्या घरी पीत न्हाई ते बापासारखं. तसं न्हाई ते. मी तुझ्यावर जळत होतो. ह्या जाग्यावर, ह्या मशिनीवर, तुझ्या शिकण्यावर. कौसल्या सेकंद मोजती त्याच्यावर. आणि त्या दिवशी माझं हॉटेल वाचवलंस, त्याच्यावर सगळ्यात जास्ती.”

बाहेर सेनगावची जीप हॉर्न वाजवत होती.

“मला ठाव हाय,” तो म्हणाला. “ते कप धरायचो तवा तू माझ्यावर जळत नव्हतास, नामा. तवा तू वरून ओतायचास. आता जळतोस. मला ते बरं वाटायचं. ओट्यावर बसून म्या रोज बघायचो, आज नाम्याचं तोंड कसं हाय.”

फळी मी उपटली होती, हे सांगायचं ओठावर आलं होतं. सांगितलं नाही. ते आता सांगून मला काय पाहिजे होतं, तर शाबासकी. मी कप धुतले आणि त्यानं सांगितलेल्या फडक्यानं पुसले. नळीचं नव्हे, दुसऱ्या.

बुधवारी नऊ वाजता सुजाताची गाडी निघाली. मशीन मागच्या सीटवर पट्टा लावून बसवलं होतं, शेजारी संपत, निळा शर्ट, हात मांडीखाली. काच खाली होती. गाडी वळेपर्यंत त्यानं मान वाकडी करून इंजिनाकडं कान दिलेला होता, आणि पोरीला काहीतरी सांगत होता, बहुतेक इंजिनाचंच. माझ्याकडं बघितलं नाही. तो शेवटचा दिसला तो असा. पाच महिन्यांनी पुण्यातच वारला. कौसल्या आणि पंजाबराव जाऊन आले. मला गुडघ्यामुळं जाता आलं नाही, असं मी सगळ्यांना सांगितलं.

पण त्या बुधवारचं, गाडी निघायच्या आधीचं राहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी, म्हणजे कॉफी पिलो त्याच्या दुसऱ्या सकाळी, सहा वाजता मी हॉटेलचं दार उघडलंच नाही. भट्टी पेटवली नाही. पहिल्या जीपचे लोक येऊन उभे होते, पंजाबरावबी होता, मामा चहा म्हणत होता. मी त्याला म्हणलं, थांब. सरळ समोर गेलो, रात्रीच येऊन सामान बांधत बसलेल्या सुजाताला मशीन अजून गुंडाळू नको म्हणलं, हात धुतले आणि अठरा ग्रॅम तोलायला घेतले.